तारीख मागताना

मतमोजणी संपली आणि बाबा खासदार झाले. त्या दिवशी मी पुण्याला कामगार न्यायालयात होते. वकील म्हणून ते चालवत असलेल्या एका खटल्यात मी पुढची तारीख मागितली, आणि ती मिळाली.

खटला भोसरीच्या एका टर्नरचा होता. लेथ मशीनचं हत्यार चोरल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्यांना काढलं होतं. मूळचे ते बीडकडचे. मी त्यांना काका म्हणायची. त्यांचं मागणं एकच होतं, पुन्हा मशीनवर उभं राहायचं. साक्षी-पुरावे झाले होते, फक्त युक्तिवाद राहिला होता. तो बाबा करणार होते.

रहाटणीच्या आमच्या ऑफिसात बाबांची एक पद्धत होती. युक्तिवादाच्या आदल्या दिवशी ते पक्षकाराला समोर बसवून त्याची हकिकत पहिल्यापासून ऐकत, कागद न उघडता. मग एकाच पानावर मुद्दे लिहीत. म्हणत, "दुसरं पान लागलं, तर समजायचं आपल्याला केस कळलेली नाही."

खासदार झाल्यावर त्यांनी बाकीच्या फायली इतरांना दिल्या. ही दिली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ही मी चालवणार. मी शब्द दिलाय. तू तारीख घे."

मग मी तारखा घेत गेले. कधी अधिवेशन असे, कधी समितीची बैठक, कधी मतदारसंघातला दौरा. कंपनीचे वकील व्हरांड्यात हसून म्हणत, "काय ताई, खासदार आज तरी आलेत का? आमचा कंपनीतला साहेब यंदा रिटायर होतोय, म्हटलं त्याच्या आधी दर्शन व्हावं."

काकांची तक्रार नसे. बाबा सभागृहात कंत्राटी कामगारांवर बोलले, ते त्यांनी मोबाइलवर मला तीनदा दाखवलं. "बघा ताई, साहेब आमच्याबद्दलच बोलायलेत."

"काका, युक्तिवाद मी करू का?"

"तुम्ही हुशार हाव. पण साहेबांनी शब्द दिलाय."

एकदा न्यायाधीशांनीच मला विचारलं, "तुमचंही वकीलपत्र आहे ना? मग तुम्हीच का चालवत नाही?" त्या दिवशी माझी तयारी होती. मुद्दे मला पाठ होते. काका मागच्या बाकावर बसले होते. मी म्हणाले, "साहेब, वरिष्ठ स्वतः येणार आहेत. शेवटची संधी द्यावी." तारीख मिळाली.

त्या तारखेच्या आधी काकांना अठ्ठावन्न पूर्ण झाली. कंपनीत निवृत्तीचं वय तेच होतं. ते ऑफिसात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता निकाल लागला तरी मशीन काही भेटत नाही, ताई. साहेबांना कळवू नका. जिवाला लावून घेतील."

मी कळवलं नाही. पुढे दोन महिन्यांनी, ती तारीख यायच्या आतच, बाबा दिल्लीत वारले. हृदयविकाराचा झटका आला होता.

त्यांची बॅग घरी आली. आतल्या कप्प्यात ते एक पान होतं. सगळे मुद्दे एकाच पानात बसवले होते. वरच्या ओळीत अर्जदाराचं, म्हणजे काकांचं, वय होतं. चौपन्न खोडून पंचावन्न, पंचावन्न खोडून छप्पन्न, मग सत्तावन्न. प्रत्येक वेळी शाई वेगळी होती. म्हणजे दरवर्षी त्यांनी ते पान काढलं होतं. अठ्ठावन्न त्यांनी लिहिलं नव्हतं. मी कळवलंच नव्हतं. काकांना अठ्ठावन्न झाल्याचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, याचा विचार मी अजून करते.

तेराव्यानंतर काका आले. बाबांचं वकीलपत्र त्यांच्याबरोबरच संपलं होतं. मी म्हटलं, "काका, आता चालवून काय उपयोग?"

"मी चोरी केली नाही, एवढं तरी कुणाला तरी म्हणू द्या."

त्या पानावरून मी युक्तिवाद केला. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासासाठी आम्ही चार वर्षं घेतली होती.

निकाल अजून यायचा आहे. काका महाळुंग्याला एका गोदामावर वॉचमन आहेत. पान फायलीत आहे, आणि वयाच्या ओळीतला शेवटचा आकडा माझ्या हातचा आहे.