अव्वाची पुण्यातली तीन वर्षं

अव्वा उमरग्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसली, तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती. अव्वा म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, म्हणून आजीला अव्वा. मांडीवर पिशवी, पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि माझ्या लेकीसाठी शिवलेली कुंची. काका खिडकीपाशी उभे राहून अजून सांगत होते, "अव्वा, उतर खाली. या वयात तिथं जाऊन काय करणार तू?"

"लेकरू सांभाळणार. आणि काय करू?" ती म्हणाली.

तिला न्यायला मीच आले होते. काकांच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

मी स्वतः गाव सोडलं ते त्याच्या नऊ वर्षं आधी, लॅब टेक्निशियनच्या कोर्ससाठी. तेव्हा आई रडली होती, आणि अव्वानं एवढंच सांगितलं होतं, "लाजून उपाशी राहू नको." पुढं कोर्स झाला, नोकरी लागली, महेशशी लग्न झालं, शहराच्या कडेला चौथ्या मजल्यावर फ्लॅट झाला. मग ओवी झाली आणि सगळं अडलं. सासूबाई हयात नव्हत्या. वडिलांचं एक अंग लुळं पडलेलं, त्यामुळं आईला घर सोडता येत नव्हतं. पाळणाघरात ओवी एका महिन्यात तीनदा आजारी पडली. मी राजीनामा लिहिला आणि घरी फोन केला. फोन आईनं उचलला. तिच्या हातातून फोन घेऊन अव्वा म्हणाली, "कागद दिऊ नको. मी येते."

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना पहिले महिने आठवत असतील. अव्वाला ते सत्तरीनंतर आले. लिफ्टचं दार लागलं की ती माझा दंड घट्ट धरायची. समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद. ओवीला न्हाऊ-माखू घालून, निजवून ती बाल्कनीत बसायची आणि खालच्या गाड्या बघत राहायची. मी ड्यूटीवरून आले की हसून चहा टाकायची, त्यामुळं मला काही कळलं नाही. किंवा कळून घेणं मला परवडत नव्हतं.

एक दिवस मी लवकर घरी आले. अव्वा ओवीला मांडीवर घेऊन रडत होती.

"काय झालं? कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार गं," ती म्हणाली. "दोन महिने झाले, गौरव्वा म्हणून कुणी हाक मारली न्हाय मला."

मी त्याच आठवड्याचं तिकीट काढते म्हणाले. तिनं डोळे पुसले. "पोरगी शाळंत जाईस्तोवर मी हलत न्हाय. रडू आलं, रडले. झालं की."

नंतर जे झालं ते तिनं स्वतःच केलं. आमच्या शेजारी नवी इमारत उठत होती. ओवीला घेऊन खाली गेलेल्या अव्वाला तिथं कानडी ऐकू आलं. कलबुर्गीकडच्या बायका कामावर होत्या. त्यातल्या मल्लम्माला तिनं विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. मल्लम्माचं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अव्वा चार भाकरी जास्त थापू लागली. दुपारी सिमेंटच्या गोण्यांच्या सावलीत त्यांची बैठक बसायची. हळूहळू सोसायटीतल्या दोन म्हाताऱ्याही खाली येऊन बसू लागल्या. वर्षाच्या आत अव्वा खाली उतरली की चारी बाजूंनी हाक यायची, "गौरव्वा!" समोरचं दारही उघडलं. तिथल्या बाई शेंगाची चटणी शिकायला यायच्या आणि बोलत बसायच्या.

मी त्या तीन वर्षांत आरोग्य खात्याची परीक्षा दिली, नोकरीत कायम झाले. ओवी शाळेत गेली आणि अव्वा उमरग्याला परतली.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटचे चार दिवस मी तिच्यापाशी होते, हे माझं नशीब. ती गेल्यावर काकूकडून कळलं की पुण्याला येण्याआधी अव्वानं तिची म्हैस शेजारी देऊन टाकली होती. रोज सकाळी निम्मी गल्ली तिच्या दारात दुधाला यायची. ती सगळी माणसं, ती सगळी बोलणी तिनं एका दिवसात सोडली होती. परत आली तेव्हा गुडघे गेले होते. पुन्हा म्हैस पाळणं झालं नाही. तीन वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू काय सोडून आलीस.

मी रडायला लागले, तेव्हा काकू म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नको. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पुण्याचंच सांगायची. माझी नात रक्त तपासती म्हणायची. मल्लम्माचा फोन आला की तासभर हसायची."

परवा काकांचा फोन आला. त्यांची नात शिवानी, तिला पुण्यात कॉलेज मिळालंय. "ठिवून घेशील का?" त्यांनी जरा अवघडत विचारलं.

"विचारायचं काय त्यात," मी म्हणाले. "पण फोन तिच्याकडं द्या."

शिवानीला मी विचारलं, "तिथं काय काय सोडून येतीयस, सांग मला."

आधी ती लाजली. मग बोलत सुटली. मैत्रिणी, गच्ची, दारात येणारं एक लंगडं कुत्रं, आजोबांसोबतचा संध्याकाळचा चहा. मी अर्धा तास ऐकत होते. मग ती हळूच म्हणाली, "आत्या, तिथं मला करमंल का?"

"पहिले दोन महिने न्हाय करमणार," मी म्हणाले. "रडू आलं तर रड. लपवू मात्र नको."

इतकी वर्षं मी उमरग्याला घर म्हणत आले आणि पुण्याला पत्ता. आता पुण्यालाही घर म्हणवतं. माझ्यासाठी कुणीतरी आपलं सगळं सोडून इथं येऊन राहिलं, आणि आता दुसऱ्या कुणाला आपल्यात जागा करून द्यायची पाळी आमची आहे.

शिवानी सोमवारी येतेय. ओवीनं न सांगता आपल्या कपाटातले दोन कप्पे रिकामे करून ठेवलेत.