फुले ऊन, पिळणे

ज्युडिथ पेणकर यांनी तारघरात एकतीस वर्षं नोकरी केली. शब्दागणिक पैसे पडतात ही गोष्ट त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की निवृत्त झाल्यावर वाण्याची यादीसुद्धा त्या तारेसारखीच लिहीत. दिवाळी उरकून त्या लेकीच्या बाळंतपणाला इस्रायलला निघाल्या, तेव्हा मागे राहणाऱ्या नवऱ्यासाठी त्यांनी स्वयंपाकाची एक वही लिहून ठेवली. पदार्थ चाळीस, पानं अकरा.

नवरा म्हणजे मनासे. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर दाबाचे काटे आणि तापमापकं तपासली. काटा अर्ध्या अंशानं जरी चुकला तरी त्यांना जेवण जात नसे. विचुंब्याच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्यावर त्यांनी आधी स्वयंपाकघरातलं घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवलं, मग सामान लावलं. असल्या माणसाला ती वही आवडली नसती तरच नवल. चार महिन्यांत ते भात, अंड्याची आमटी आणि माशांचं कालवण करायला शिकले. कालवण तर शेजारच्या कुमुदताई वाटी घेऊन मागायला येत.

मार्चमध्ये ज्युडिथबाईंचं परतीचं ठरलं. शुक्रवारी दुपारी घरी पोचणार, म्हणजे संध्याकाळी शब्बाथचं, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचं, पहिलं जेवण घरीच. फोनवर त्यांनी विचारलं, काय कराल? मनासे म्हणाले, कालवण आणि शेवग्याच्या फुलांची भाजी.

ज्युडिथबाई म्हणाल्या, "फुलांची? ती तुमच्याच्यानं व्हायची नाही. अंडी उकडून ठेवा."

झालं. मनासेंनी त्याच दिवशी वहीतलं नववं पान उघडलं. "फुले ऊन. पिळणे. कांदा पांढरा. मिरची तीन. नारळ सढळ. झाकण नाही." यात न समजण्यासारखं काय होतं? कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरून सोमी फाटकाशी रानभाजी विकायला येई. तिच्याकडून त्यांनी फुलं घेतली, बाल्कनीत वर्तमानपत्रावर पसरली आणि मोजून एक तास ऊन दिलं. भाजी कडू झाली. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा फुलं आणली. ऊन कमी पडलं असेल म्हणून या खेपेला तीन तास दिलं. ती भाजी कारल्याच्या वरताण निघाली. ज्युडिथबाईंना फोन करून विचारता आलं असतं, पण मग पैज कसली राहिली?

शुक्रवारी दोनला बाई आल्या, नातवाचे फोटो दाखवले, चहा घेतला आणि प्रवासाच्या थकव्यानं झोपल्या. कालवण सकाळीच तयार होतं. पण सोमीचा पत्ता नव्हता. चार वाजले, पाच वाजले. पावणेसातला सूर्य मावळणार होता. त्याआधी दिवे लागणार आणि दिवे लागले की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत शेगडी बंद, लिहिणंही बंद. मनासे तीनदा फाटकाशी जाऊन आले.

पावणेसहाला दारावर थाप पडली. सोमी टोपली घेऊन उभी होती. कोन गावाजवळ रस्ता खोदल्यामुळे टेम्पो दीड तास अडकला होता.

"बाबा, ही शेवटची. झाडाला आता शेंगा धरल्या," ती म्हणाली.

मनासेंनी फुलं घेतली, पण मनातलं बोलून टाकलं. "दोन्ही खेपेला तुझी फुलं कडू निघाली, सोमी."

सोमीनं टोपली खाली ठेवली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करी. "माजी फुलं कडू नाय. तू काय केलंस ते सांग."

मनासेंनी वही आणून वाचून दाखवली. बाल्कनी, वर्तमानपत्र, एक तास, तीन तास, सगळं सांगितलं. सोमी उंबऱ्यावर बसून इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले.

"फुलं का पापड हायती वाळवायला? ऊन म्हंजे ऊन पानी. बाय आंगोळीला ऊन काढा म्हनते, तवा बादली गच्चीत ठेवतोस काय?"

मनासेंनी वहीकडे पाहिलं. अक्षर तेच होतं, शब्द तेच होते. पंचेचाळीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला, तिचं ऊन त्यांना समजलं नव्हतं.

त्यांनी पातेल्यात पाणी चढवलं. तोवर सोमीनं फुलांचे देठ खुडले, उमललेली बाजूला काढून कळ्या जास्त ठेवल्या. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करायचा, मग फुलं टाकायची, असं तिनं बजावलं. किती मिनिटं, हे मनासेंनी अर्थातच विचारलं.

"मी जिना उतरून फाटकाशी पोचंस्तवर," म्हणून उकळी फुटताच ती उठली.

मनासेंनी गॅस बंद करून फुलं पाण्यात सोडली आणि ते खिडकीशी उभे राहिले. सोमी खाली आली. निम्म्या वाटेत राखणदार तुळशीरामनं तिला काहीतरी विचारलं आणि ती थांबली. हे थांबणं धरायचं की नाही? आयुष्यात असलं घड्याळ त्यांनी तपासलं नव्हतं. ते चाळणी हातात घेऊन घामाघूम झाले. तेवढ्यात सोमीनं बोलता बोलता, वर न बघताच, हात उंचावून हलवला. मनासेंनी पातेलं चाळणीत उपडं केलं.

पुढचं दहा मिनिटांत झालं. फुलं थंड पाण्याखाली धरून घट्ट पिळली. तेलात मोहरी तडतडली, अलिबागचा पांढरा कांदा आणि मिरच्या पडल्या, कांदा पारदर्शक झाला तशी फुलं पडली. मीठ, मग मूठ मूठ ओला नारळ. झाकण नाही. हात धुऊन त्यांनी वहीत पेन्सिलीनं एक शब्द लिहिला. भाजी चाखायला चमचा उचलला, तोच आतून ज्युडिथबाईंनी विचारलं, दिवे लावायचे ना? चमचा तसाच राहिला.

दिवे लागले, प्रार्थना झाली, भाकरीचा तुकडा मोडला. ज्युडिथबाईंनी आधी भाजीच वाढून घेतली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मनासे कालवणात बोटं फिरवत बसले.

"बादली गच्चीत ठेवली होती का हो?" बाईंनी विचारलं.

बाई सोमीच्या हसण्यानं तेव्हाच जाग्या झाल्या होत्या. बाहेर आल्या असत्या तर मनासेंच्या हातातला झारा त्यांनी घेतलाच असता, म्हणून उशीत तोंड खुपसून त्या पडून राहिल्या होत्या.

"एक शब्द वाचवायला गेले मी," त्या म्हणाल्या. "उद्या शब्बाथ सुटला की वहीत घालते."

"घातलाय," मनासे म्हणाले. "दिवे लागायच्या आधी."

ज्युडिथबाईंनी ताट पुढे केलं. "भाजी उत्तम. वाढा."

मनासेंनी मोजले. तीन शब्द. तारघरातल्या बाईनं कौतुकाला इतके खर्च केले म्हणजे भाजी खरोखरच जमली होती. त्यांनी कढई तिच्या ताटात निपटून काढली आणि स्वतः कालवण-भातावर तृप्तपणे जेवले.