नवमीचा वडा आणि आबांची तोफ

तवा नुकताच तापला होता, नवऱ्याचा, शेखरचा डबा अर्धा भरला होता, आणि तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार बडवणारा माणूस देवळाली कॅम्पातल्या त्या गल्लीत एकच होता. ललितानं पदराला हात पुसत दार उघडलं. समोरच्या घरातले धनराजकाका उभे. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताच्या चिमटीत कणकेचा ओला गोळा.

"सूनबाई, ही कणीक तुमचीच ना? माझ्या चहात पडली."

"आमचीच कशावरून, काका?"

"ओवा हाय हिच्यात. आमच्याकडं नाय घालत."

ललितानं परातीकडं पाहिलं. कणीक कमी झालेली दिसत होतीच. तेवढ्यात तिचे सासरे सावळीराम, म्हणजे आबा, गॅलरीतून आत आले. हात पाठीमागं. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही.

"जरा लांब गेला," एवढंच म्हणाले.

"लांब? अरे, मी तोंड उघडायचा अवकाश होता, सावळ्या! गिळला असता!"

पाठीमागून निघाली ती तोफ. म्हणजे आबा तिला तोफ म्हणत. द्राक्षाच्या जुन्या पेटीच्या फळ्यांची वीतभर चौकट, तिच्यात आडवं बसवलेलं मोडकं लाटणं, लाटण्याला घट्ट बांधलेली लाकडी पळी, आणि पळीला मागून पुढं ओढणारे सायकलच्या ट्यूबचे तुकडे. पळी मागं दाबायची, सोडायची, की ती वरच्या पट्टीवर खाडकन आपटायची आणि आतला माल सुटायचा. पट्टीला आवाज होऊ नये म्हणून चिंधी गुंडाळली होती. ती चिंधी आपल्या हरवलेल्या ब्लाउजची बाही आहे, हे ललितानं त्याच क्षणी ओळखलं.

"भातवाल्यानं तोफ केली!" धनराजकाका हसत हसत जिना उतरले.

हा टोमणा जुना होता. दोघांची नोकरी कॅम्पातल्या तोफखान्यातच झाली. धनराजकाका खरोखर तोफेमागं उभे राहिलेले, त्यात एक कान गमावून बसलेले. आबा लंगरात, डाळीच्या पातेल्यामागं. कुणी विचारलं तर आबा ताठ मानेनं सांगत, "तोफखान्यात होतो." खोटं काहीच नव्हतं त्यात. डाळ ढवळायच्या भल्यामोठ्या पळीबद्दल ते बोलत नसत, इतकंच.

"आबा, कशासाठी हे?" ललितानं विचारलं.

"उद्या नवमी."

मग तिला उमगलं. उद्या अविधवा नवमी, सासूबाईंची, मंगलाबाईंची. कावळा पानाला शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीला जाळी बसवल्यापासून कावळा इकडं फिरकत नव्हता. मागच्या वर्षी उन्हं कलली तरी पान तसंच. शेखर पोट धरून बसलेला. सगळे कावळे धनराजकाकांच्या टाकीवर, कारण काका त्यांना रोज शेव टाकत.

"मग काकांच्या गच्चीवर ठेवू की पान."

"त्याच्या दारात जाऊन मागू? मेलो तरी नाही."

"पण वडा भिरकावायचा?"

"जाळीला भोक पाडलंय. त्याच्या टाकीवर नेम धरलाय. आता फक्त वजन जमवायचं." आबांनी पळीवरून बोट फिरवलं. "सूनबाई, मंगला जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. रस्सा उरला तर रस्सा, नाहीतर लोणचं. वर्षातून एक दिवस तरी आधी जेवू दे तिला."

संध्याकाळी कणकेचा आणखी एक गोळा ललितानं स्वतःच काढून दिला.

नवमीला खीर, कढी, गवार, उडदाचे वडे झाले. आबांनी पळीत वडा ठेवला, एक डोळा मिटला, सोडला. वडा गल्लीत पडला. तिथल्या कुत्र्यानं तो खाल्ला आणि पुढच्याची वाट पाहत वर तोंड करून बसला.

"तिळभर जड झाला," आबा म्हणाले.

दुसऱ्याला ट्यूब जास्त ताणली. वडा सुसाट गेला आणि धनराजकाकांच्या टीव्हीच्या डिशवर असा काही ठणकन आदळला, की टाकीवरचे झाडून सगळे कावळे काव काव करत उडाले. ते परतेचनात. खालून काकांचा आवाज आला, "सावळ्या, मॅच चालू हाय माझी! चित्र गेलं!"

ललिताला हसू फुटलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि आबांकडं पाहिलं. ते हसत नव्हते. पानावरच्या खिरीवर वाऱ्यानं साय धरली होती, तिच्याकडं बघत होते.

मग त्यांनी तोफ बाजूला सारली, टोपी घातली, केळीचं पान दोन्ही हातांवर तोलून धरलं आणि जिना उतरू लागले. खिरीची वाटी घेऊन ललिता मागोमाग. कुत्राही निघाला.

दार धनराजकाकांनीच उघडलं. हातात रिमोट, ओठांवर तयार टोमणा. "काय रे, दारूगोळा संपला?"

"संपला," आबा म्हणाले. "धनराज, तुझ्या गच्चीवर मंगलाचं पान ठेवू दे."