रिकाम्या जागेतून आलेलं शून्य

नागपुरात पत्ता विचारू नये. म्हणजे विचारावा खुशाल, पण मिळालेल्या उत्तरावर चालू लागू नये. आमच्याकडे "माहीत नाही" म्हणणं हा पाहुण्याचा अपमान समजतात. आमच्या चौकातल्या पानठेलेवाल्याला एकदा एका परगावच्या माणसाने शनिमंदिराचा रस्ता विचारला. आमच्या वस्तीत शनिमंदिर नव्हतंच. ठेलेवाल्याने पानाला चुना लावता लावता सांगितलं, "सिधे जा, डावीकडं वळा, लिंबाखाली." तो भला माणूस गेला, लिंबाखाली नारळ फोडून आला. पुढच्या महिन्यात तिथं दगड होता, त्याच्या पुढच्या महिन्यात शेंदूर, आणि आता शनिवारी तिथून स्कूटर काढायची तर पुजाऱ्याची परवानगी लागते. विचारलं, म्हणून झालं.

मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर यातलं निम्मं सोडा. उरलेलं निम्मं मी एका दुपारी कोळसा खाणीच्या स्क्रीनवर पाहिलं आहे. तेव्हापासून मला शून्याची भीती वाटते.

मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो, सी प्लस प्लस नावाच्या भाषेत. या भाषेबरोबर एक तयार भांडार फुकट मिळतं, त्यात माहिती ठेवायचे नाना तऱ्हेचे डबे असतात. पुस्तकात त्यांना कंटेनर म्हणतात, आम्ही डबेच म्हणायचो. व्हेक्टर नावाचा डबा म्हणजे भाड्याच्या खोलीतलं वाढतं कुटुंब. जागा पुरेनाशी झाली की अख्खं बिऱ्हाड उचलून मोठ्या खोलीत जातं, आणि जुन्या पत्त्यावर शोधणारा दार वाजवत बसतो. सेट म्हणजे लग्नात दाराशी उभी राहिलेली आत्या, एका माणसाला दोनदा आत सोडणार नाही. आणि तिसरा मॅप. यात प्रत्येक कप्प्यावर एक नाव, आत त्या नावाची वस्तू. नाव सांगा, वस्तू घ्या.

मॅपला विचारायच्या दोन रीती आहेत. 'फाइंड' म्हणून विचारलं तर तो खरं बोलतो, आहे म्हणतो नाहीतर नाही म्हणतो. चौकोनी कंसात नाव घालून विचारलं तर मात्र तो आमचा पानठेलेवाला होतो. त्या नावाचा कप्पाच नसेल तर गुपचूप नवा कप्पा तयार करतो, वर तुम्ही सांगितलेलं नाव डकवतो, आत शून्य ठेवतो आणि हसतमुखाने तुमच्या हातात देतो. ना तक्रार, ना खोकला.

आमच्या ऑफिसात सगळीकडे चौकोनी कंसच होते. तो सरांचा नियम होता. सर म्हणजे आमचे मालक आणि त्या प्रोग्रॅमचे मूळ लेखक. माणूस असा गोड की उधारी मागायला आलेला सरबत पिऊन, वर आणखी उधार देऊन जाई. त्यांचं म्हणणं एकच: "गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर 'नाही' दिसलं नाही पाहिजे. रिकामी जागा पाहिली की माणूस घाबरते." ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली तर्रीपोह्याचं दुकान. तर्रीचा ठसका असा की वर आमचे कॉम्प्युटर शिंकायचे. कूलर सुरू केला की शेजारचे लोक विमान पाहायला गच्चीवर जायचे. अशा त्या गोंगाटात बसून आम्ही सावनेरच्या पलीकडच्या एका खाणीचा गॅस पाहायचो.

खाणीत जागोजागी गॅस मोजणारी यंत्रं होती. प्रत्येक यंत्र आपलं नाव आणि आपला आकडा वर पाठवायचं, ते आमच्या मॅपमध्ये पडायचं; मॅप रोज सकाळी रिकामा होऊन नव्याने भरायचा. स्क्रीनवर जागांची नावं ठरलेली होती, प्रोग्रॅम एकेक नाव घेऊन मॅपला विचारायचा. आकडा हद्दीबाहेर गेला की खाली भोंगा वाजायचा. भोंगाही त्याच नावांवर बांधलेला. खाणीच्या कंट्रोल रूममध्ये जे दिसे, तेच आमच्या ऑफिसात दिसे.

त्या दिवशी सकाळी माझ्या साळ्याचा फोन आला. बायकोचा धाकटा भाऊ, त्याच खाणीत फिटर. दार वाजवायच्या आधी ज्याचं हसू घरात येतं, असा तो.

"भाऊजी, आज मी नव्या जागेवर जाऊन राहिलो. गॅसचं यंत्र बी कालच तिकडं हलवलं. नावबी बदललं त्याचं, डावा-सात होतं, आता डावा-नऊ. तुमच्या टीव्हीवर पाहा मले."

"टीव्हीवर गॅस दिसते बे, तू नाही."

"मंग गॅसलेच माहा नमस्कार सांगा. आन् ताईले सांगा, संध्याकाळी बेसनाच्या पाटोड्या जास्त करजो म्हणा."

फोन वर जमा करून तो खाली उतरला. खाणीत मोबाइल नेता येत नाही.

भर दुपारी मी पोहे खात स्क्रीन पाहत होतो. गॅसचे आकडे कधी स्थिर नसतात. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखे ते किंचित वर जातात, किंचित खाली येतात. सगळे हलत होते. फक्त एक हलत नव्हता. डावा-सात. शून्य. अगदी स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखं.

"सर, डावा-सात शून्यावर आहे."

"मंग बरं झालं ना! तुले काय, गॅस पाहिजे?"

"कालपर्यंत हलत होता. आज जागचा हलून नाही राहिला."

"ज्याचं दुखत नाही त्याले दवाखान्यात काहून नेऊन राहिला बे तू?"

मी हसलो. घास तोंडात घेतला आणि सकाळचा फोन आठवला.

"सर, ते यंत्र काल तिथून काढलं. डावा-सातवर यंत्रच नाही."

सरांचा चमचा हवेत थांबला. कूलर गरजत होता तरी खालच्या दुकानातली कढई ऐकू यायला लागली.

"मंग हे शून्य देऊन कोण राहिलं?" सर म्हणाले.

बंद घराचं दार वाजवावं आणि आतून कुणीतरी "ओ" द्यावी, तसं माझ्या मानेवरून गार काहीतरी गेलं. नागपूरच्या मे महिन्यात! मी कोड उघडला. ती ओळ समोरच होती, कंसात नाव घालून गोडीने विचारणारी. ऑफिसातल्या प्रतीत मी ती बदलली, तिथं फाइंड लिहिलं आणि पुन्हा चालवलं. डावा-सातपुढे शून्य गेलं, साधी आडवी रेघ आली. मग मी मॅपमधले सगळे कप्पे एकाखाली एक छापायला लावले, स्क्रीनवर नाव असो की नसो.

तळाशी एक कप्पा निघाला. डावा-नऊ. त्याला सकाळपासून कुणीही काही विचारलेलं नव्हतं. आत आकडा होता, आणि तो चढत होता. माणसं बाहेर काढायची जी हद्द असते, ती त्याने केव्हाच मागे टाकली होती. भोंगा मात्र डावा-सातला विचारत होता, आणि डावा-सातचं शून्य त्याला सांगत होतं, नीज बाबा, नीज.

मी ऑफिसच्या फोनवरून कंट्रोल रूमला फोन लावला. तिथला ऑपरेटर खुशीत होता.

"डावा-नऊची माणसं वर काढा, ताबडतोब!"

"काहून गा? इथं पूर्ण हिरवंगार आहे. डावा-सात तर एकदम शून्य! असं शून्य म्या नोकरीत नाही पाहिलं."

"तेच तर सांगून राहिलो, ते शून्य खोटं आहे!"

"साहेब जेवाले गेले. आले की विचारतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

सरांनी माझ्या हातातून फोन ओढला. मी त्या माणसाला वर्षानुवर्षं ओळखतो, पण तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"ऐक बे. ते म्या लिहिलं आहे आन् ते खोटं आहे. डावा-सातवर यंत्र नाही. नाही म्हणजे नाही! तिकडची लाइन आत्ता बंद कर, ठिणगी नको, आन् मग माणसं काढ. साहेबाले माहं नाव सांग."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन कुणी ठेवला नाही. आम्ही दोघं त्या फोनला कान लावून बसलो. दुसऱ्या टोकाला पंख्याची कुरकुर तेवढी येत होती. इकडे स्क्रीनवर आकडा चढतच होता, अगदी थोडा थोडा, घाई नसल्यासारखा.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. बायको.

"आवं, तो किती वाजता येते? पाटोड्या थापून ठेवू का?"

"थाप ना," मी म्हणालो. "येऊनच राहिला तो."

ठेवल्यावर कळलं, मी काय केलं ते. मला काहीच माहीत नव्हतं. तिने विचारलं, आणि मी तिच्या हातात एक कप्पा ठेवला.

आली माणसं वर. सगळी. हवा नेणारा कापडी नळा कुठेतरी फाटून पडला होता, हवा पोचतच नव्हती. पाळीवर देखरेख करणारा सरदार हातातलं यंत्र घेऊन तपासत फिरतो, पण तो अजून दुसऱ्या टोकाला होता. साळ्याचा फोन आला तेव्हा तो रागातच होता.

"भाऊजी, तुम्ही काढलं म्हणते आमाले वर? जेवण अर्धं राहिलं ना माहं!"

संध्याकाळी त्याने पाटोड्या इतक्या खाल्ल्या की थापायचं ताटही खाईल अशी भीती वाटली. बायकोला आम्ही काही सांगितलं नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी स्वतः बसून एकेक कंस काढला. आता आमच्या स्क्रीनवर रेघा दिसतात, गिऱ्हाइकं घाबरतात, सर त्यांना घाबरू देतात.

नळा दुरुस्त झाला आणि साळा पुन्हा डावा-नऊवर जायला लागला. दुसरं काय करणार? उतरायच्या आधी रोज सकाळी तो फोन करतो आणि मी रोज विचारतो, "कसं आहे गा तिकडं आता?"

"एकदम बरोबर, भाऊजी. काहीच नाही."

माझा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर आलेलं असतं. मी फोन कानाला घट्ट लावून त्याचा आवाज किंचित तरी हलतो का, ते ऐकतो.

हलत नाही.