धाकट्याच्या टेबलावरचा दिवा

ठिणगीच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. तिचं खरं नाव घरच्यांच्याही जिभेवरून उतरलं होतं. घराखालीच तिचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, आणि दारावर पाटी : ‘जी उघडता येत नाही ती वस्तू तुमची नाही.’ शिक्का मारलेल्या पेट्या विकणाऱ्या कंपन्यांवर ती असं तोंडसुख घ्यायची की गिऱ्हाईक हात जोडायचं, “बाई, शिव्या त्यांना द्या, पंखा मला द्या.”

पाटी तिची, शिकवण धाकट्या भावाची. त्याने तळहातावर मावेल असा कॉम्प्युटर बनवला होता आणि त्याचा आराखडा प्रोग्रामसकट जगासाठी खुला ठेवला होता. कुणीही बघा, बनवा, मोडा, सुधारा. त्याला वायरलेस जोडायचं काम चालू असतानाच ताप आला आणि तो गेला. खोलीचं दार लावलं गेलं ते लागलेलंच राहिलं.

पुढे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ जड झाली, धड राहिला तो डावा अंगठा. ठिणगी खाली दुकानात, बाबा वर एकटे. आत्याने फर्मान काढलं.

“तू खाली स्क्रू पिळत बसणार आणि वर माझ्या भावाचा घसा सुकणार. रविवारी येते. सोय दिसली नाही तर त्याला वृद्धाश्रमात नेते.”

“नेऊन तर बघ!”

“बघतेच.”

आत्या बोलेल ते करणारी बाई. ठिणगीने धाकट्याची खोली उघडली, त्याच्याच टेबलावर त्याचंच यंत्र खोललं आणि त्याने अर्धवट सोडलेलं पुरं केलं. नखाएवढी रेडिओची पट्टी यंत्रात बसवली, तशीच एकेक घंटीला, पंख्याला, दिव्याला. पहिलं बटण दाबलं की खाली दुकानात घंटी, दुसऱ्याने पंखा. तिसरं नुसतं चाचणीसाठी, टेबलावरच्या दिव्याला जोडलेलं. यंत्र तिने बाबांच्या अंगठ्याखाली ठेवलं. त्यांच्या पलंगावरून समोर ती खोली, आणि दार आता उघडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. ठिणगी जिना चढून धापा टाकत आली.

“काय हवंय बाबा?”

“मी नाही वाजवली.” अंगठा खरंच बटणापासून लांब होता. बाबांची नजर समोर. टेबलावरचा दिवा लागला होता. “धाकटा आलाय.”

“काहीतरीच काय!” तिने तरातरा जाऊन दिवा हाताने बंद केला. पाठ फिरवतेय तोच तो पुन्हा लागला.

तिने यंत्र उघडलं, सोल्डर तपासलं, शेवटी बॅटरीच काढून हातात घेतली. दिवा विझला. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो लागला. स्क्रूड्रायव्हरला सापडणार नाही असं जगात काही नाही म्हणणारी ठिणगी त्या उंबऱ्याशी खिळून राहिली. आत खुर्ची थोडी मागे सरकलेली होती. ती तिनेच सरकवली होती, हे तिला स्वतःला समजावून सांगावं लागलं.

बाबा मात्र त्या दिवशी चार घास जास्त जेवले. दिव्याकडे बघून मधेच म्हणाले, “हो रे, ऐकतोय.”

शनिवारी तिने प्रोग्राम पुन्हा ओळीओळीने वाचला. इथेच घोडं पेंड खात होतं. अशा प्रत्येक रेडिओला पत्ता लागतो; दोघांचा एकच असला, तर एकाच्या बटणाने दुसऱ्याचंही चालतं. धाकट्याने एक पत्ता लिहून शेजारी टीप ठेवली होती : ‘हा नमुना. आपला घाला.’ टीप तिने आधीही वाचली होती. त्याचं एक अक्षर पुसायला हात उचलला नव्हता. म्हणजे जवळपास आणखी कुणीतरी त्याच्या खुल्या आराखड्यावरून हेच यंत्र बनवून नमुन्याचाच पत्ता ठेवला होता.

ते कुणीतरी सापडलं मागच्या घरात, शिवणकाम करणारी बाई. तिने मशीनजवळचा दिवा तसाच जोडला होता आणि तीही सगळी बटणं दाबून बघत होती.

“अगं, तू होतीस होय!” शिंपीणबाईने कपाळावर हात मारला. “माझा दिवा आपोआप जातो-येतो, मला वाटलं सासूबाई परतल्या. जिवंतपणी पण त्यांना माझ्या दिव्याचं बिल टोचायचं.”

दोघी हसल्या. मग ठिणगीचं हसू तोंडातच राहिलं. पत्ता ठेवावा, तर घंटी खोटी वाजत राहणार आणि एखाद्या खऱ्या वेळी आपण उठणार नाही. बदलावा, तर बाबांचा पोरगा दुसऱ्यांदा जाणार.

तिने बदलला. बाबांना सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, “आज तो आला नाही गं.” तिने तोंड मिटलं.

रविवारी आत्या आली. “दादा, वाजव बघू.” खाली घंटी खणखणली. पुन्हा वाजव म्हटलं, पुन्हा खणखणली. “चालतंय की गं!” ती पदर सावरत म्हणाली. “राहू दे इथेच.”

सोमवारी दुपारभर दुकानात गर्दी होती आणि घंटी गप्प. जरा जास्तच गप्प, असं वाटून ठिणगी वर गेली. बाबांचे ओठ कोरडे पडले होते, अंगठा तिसऱ्या बटणावर. दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. बाबा स्वतःच्या हाताकडे बघत नव्हते. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता.

“बाबा, घशाला कोरड पडलीय तुमच्या! घंटी का नाही वाजवलीत?”

“हळू.” त्यांची नजर खोलीवरून हलली नाही. “तू आलीस की तो जातो.”