कमलच्या खोलीतला चिखल

हिंदमाताच्या मागच्या गल्लीत, आमच्या चाळीत तळमजल्यावर कमल राहते. साड्यांना फॉल-पिको करते. नवरा गेल्यावर त्या एका मशीनवर तिने मुलीला शिकवून सासरी धाडली. मी तिच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर. पाणी भरलं की गिऱ्हाइकांच्या साड्या माझ्या पलंगावर येतात आणि मी खुर्चीत झोपते. मशीन जड, ते खालीच राहतं.

गेल्या पावसाळ्यात पाणी उतरल्याबरोबर तिने फिनेल टाकून खोली धुतली. घाण तिला बघवत नाही. मग पंचनाम्याला माणूस आला, लखलखीत लादी बघून म्हणाला, "बाई, नुकसान कुठाय?" झालं. मदत नाही. बांगडी मोडून तिने नवी मोटर बसवली.

यंदा मशीन पुन्हा बुडालं. गौरी तोंडावर आलेल्या. पण कमलने झाडूला हात लावला नाही. चिखलात स्टूल टाकून बसून राहिली. वास माझ्यापर्यंत यायचा.

"गो कमल, निदान पायाखालचं तरी पूस."

"नको आजी. पंचनाम्यावाल्याला दिसू दे."

शेवटी हितेंद्र नावाचा एक पोरसवदा साहेब आला, बूट वाचवत. मी वर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. चिखलाकडे बघेचना. "मावशी, यंदा घरं बघायची नाहीत. घरोघरी मोजत बसलं की पैसे यायला दिवाळी उजाडते. म्हणून सरकारनेच विमा काढलाय, हप्ता सरकार भरतं. नाक्यावरच्या खांबाला लाल रेघ आहे. पाणी तिथवर चढलं की सगळ्या गल्लीच्या खात्यात लगेच पैसे. मी फक्त पुढच्या वर्षासाठी खाते नंबर घ्यायला आलोय."

"मग यंदा चढलं का?"

"चार बोटं कमी पडलं."

"नाका उंचावर आहे, साहेब. माझी खोली खड्ड्यात."

"बरोबर आहे. पण रेघ तिथे आहे."

मला विचाराल तर युक्ती वाईट नव्हती. खांबाकडे ओळखपाळख चालत नाही. फक्त रेघ मारताना कोणी खाली वाकून कमलचा उंबरठा बघितला नव्हता.

"मग पुढच्या वर्षी मशीन त्या खांबालाच बांधते," कमल म्हणाली. तो हसला. ती नाही. नंबर तिने सांगितला, मग उठून पदर खोचला.

"पाय उचला, साहेब. लादी धुवायचीय."

मी फिनेलची बाटली घेऊन जिना उतरायला लागले.