व्यंकटरावांचा लांबलेला चातुर्मास

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. माझ्या दवाखान्यातून खोकल्याच्या औषधाची बाटली भरून जाते आणि रिकामी होऊन परत येते. ती आणणारा माणूस मात्र कधी रिकामा येत नाही, त्याच्याबरोबर काहीतरी हकीकत असतेच. इतक्या वर्षांत बाटल्या किती फुटल्या, किती हरवल्या, पण हकीकत एकही हरवली नाही. मित्र जमले की कोणीतरी हमखास विचारतो, "काय डॉक्टर, ओट्यावरची मंडळी काय म्हणतात?" आणि मग मला थांबवणं अवघड होतं.

हे सगळं इंग्रजी अमदानीतलं. मी मद्रासहून एल.एम.पी. होऊन आलो आणि तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत दवाखाना उघडला. गल्ली आपल्याच लोकांची. घरात मराठी, बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. दवाखान्याबाहेर लांबलचक ओटा होता आणि त्यावर तीन माणसं कायमची बसलेली. कलेक्टर कचेरीतून पेन्शनीत निघालेले तुकोजीराव, यांच्या दोन्ही गुडघ्यांत वात. गंगूमावशी, यांना अर्धशिशी. आणि शाळेतले ड्रॉइंग मास्तर व्यंकटराव, यांना दमा.

आपण पुरते बरे होणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वर्षच आपसांत वाटून घेतलं होतं. चैत्र-वैशाखाचं ऊन मावशींचं. पाऊस व्यंकटरावांचा. पाऊस सरल्यावर पहाटे दव पडू लागलं की तुकोजीरावांचा सीझन. ज्याचा सीझन नसेल त्याने सीझनवाल्याला सल्ले द्यायचे, हा ओट्याचा कायदा.

एकदा एक नवा पेशंट चुकून तिथे टेकला. तुकोजीरावांनी चौकशी केली, "तुमचं कोणत्या महिन्यांत असतं?"

"बारा महिने असतं."

तुकोजीरावांनी त्याला दार दाखवलं. "मग आत जा. येथे नेमाची माणसं बसतात."

* * *

तुकोजीरावांच्या गुडघ्याला पाऊस आधी कळतो, अशी गल्लीची ठाम समजूत होती. उन्हाळ्यात बायका गच्चीवर वडाम घालत. तांदळाच्या चिकाचे हे वडाम म्हणजे तुमच्याकडच्या कुरडयांची बहीण. घातल्यावर पाऊस आला की सगळा चिक वाया. म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी तुकोजीरावांकडे जाऊन गुडघा विचारून यायचं.

एका वर्षी त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि मान हलवली. "उद्यां नको. जोराचा येणार."

साऱ्या गल्लीने चिक शिजवणं रद्द केलं. दुसऱ्या दिवशी असं कडक ऊन पडलं की गच्चीवर पाय ठेवता येईना. आकाशात औषधाला ढग नाही. संतापलेल्या बायका ओट्यापाशी जमल्या. मी गुडघा तपासला. सुजला होता हे खरं.

"काल कुठे गेला होता?" मी विचारलं.

"पापनाशमला. पुतण्यासाठी मुलगी बघायला."

"गाडीत बसायला जागा मिळाली?"

"जातांना मिळाली. येतांना उभ्याने आलों."

तुकोजीरावांनी घसा साफ केला आणि बायकांकडे वळून शांतपणे जाहीर केलं, "हा पावसाचा नव्हे. हा पापनाशमचा." त्यानंतर गुडघा विचारायला येणारी प्रत्येक बाई आधी विचारी, काल कुठे गेला होता?

* * *

उन्हं तापली की गंगूमावशींचं डोकं अर्ध्यात दुखायला लागे. मग त्या खोलीत अंधार करून, कानांत कापूस घालून पडून राहत. त्या दिवसांत गल्लीत कोणी खलबत्ता वाजवत नसे. मावशींचा दरारा तेवढा होता.

नेमकी वैशाखात एक वरात त्यांच्या दारावरून जायची होती. पुढे नागस्वरम आणि तविल, म्हणजे आमच्याकडचे सनई-ढोल. तविलचा दणका म्हणजे चांगल्या डोक्याचीही परीक्षा. मी स्वतः जाऊन वाजंत्र्यांना विनवलं, एवढं घर ओलांडेपर्यंत गप्प राहा. बिचारे समजूतदार होते. नागस्वरम तोंडाला लावलेलं, गाल फुगवलेले, पण आवाज नाही. नवरदेव गोंधळला, वरमाय चिडली. शे-दीडशे माणसं चपला हातात घेतल्यासारखी हळूहळू चालली होती.

वरात दारासमोर आली आणि दार धाडकन उघडलं. कपाळाला पट्टी बांधलेल्या गंगूमावशी उंबऱ्यात उभ्या.

"वाजवा रे," त्या म्हणाल्या. "केव्हांपासून वाट पाहत्यें. आता वाजेल, मग वाजेल म्हणून जीव टांगला आहे. एकदा वाजवा आणि पुढे जा."

* * *

आता व्यंकटराव. यांचा किस्सा कळायला आमच्याकडचा पाऊस कळायला हवा. तुमच्याकडे आषाढात धो-धो पडतो. तंजावुरात आषाढात वारा, धूळ आणि घाम. आमचा खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागे जोर धरतो आणि मार्गशीर्षापर्यंत मुक्काम ठोकतो.

पण व्यंकटरावांचे पूर्वज देशावरून आले ते पंचांग आणि पथ्य घेऊन आले. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला, की पावसाळा लागला. खिडक्या बंद, दही बंद, गार पाणी बंद, कानटोपी सुरू, सुंठ-मिऱ्याचा काढा सुरू. कार्तिकी एकादशीला चातुर्मास सुटला, की पावसाळा संपला. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात असंच चाललं होतं.

पहिल्या वर्षी मी आषाढात त्यांच्या घरी गेलो. बाहेर अंग भाजत होतं. आत बंद खोलीत कानटोपी घातलेले व्यंकटराव वाफाळता काढा पीत होते. घाम हनुवटीवरून काढ्यात पडत होता.

"व्यंकटराव, बाहेर बघा तरी. पाऊस कुठे आहे?"

"बाहेर काय बघायचं, डॉक्टर? पंचांग बघा."

कार्तिकी झाली. बाहेर पाऊस कोसळत होता. व्यंकटरावांनी खिडक्या उघडल्या, पहाटे गार पाण्याने स्नान केलं, वाडगाभर दही खाल्लं. आठवडा उलटायच्या आत मला बोलावणं आलं. छाती भात्यासारखी चालली होती. सुई टोचली, धाप जरा बसली, तसे त्यांनी डोळे उघडले.

"पाहिलंत? चार महिने एक ढास नाही. पावसाचा दमा मी थोपवला. हा थंडीचा."

* * *

अशी वर्षं गेली आणि व्यंकटरावांच्या एकुलत्या एका मुलीचं, चंद्राचं लग्न ठरलं. मुलगा कुंभकोणमचा, आपल्यातलाच, शाळामास्तर. मुहूर्त मार्गशीर्षातला. म्हणजे ऐन पावसातला, ऐन दम्यातला.

लग्न लागणारच होतं, त्याची कोणाला काळजी नव्हती. काळजी मंगलाष्टकांची होती. व्यंकटरावांच्या घरची रीत अशी, की शेवटचं मंगलाष्टक मुलीच्या बापाने स्वतः रचायचं, मराठीत, आणि स्वतः म्हणायचं. त्यांच्या वडिलांनी व्यंकटरावांच्या बहिणींसाठी म्हटलं होतं. व्यंकटरावांनी चंद्रा रांगत होती तेव्हाच रचून ठेवलं होतं. मला त्याची शेवटची ओळ म्हणून दाखवली:

"चंद्रा ही अमुची तिथे सुखि असो, कुर्यात् सदा मंगलम्."

"मी नाही म्हटलं तर कोण म्हणणार?" ते म्हणाले. "लग्न लावणारे वाध्यार तमिळ. आणि चंद्राला विचाराल तर ती..."

ते खरंच होतं. चंद्राला मराठी सगळी कळे, पण बापाने मराठीत काही विचारलं की उत्तर तमिळमध्ये येई. "सरी, अप्पा." "वेण्डाम, अप्पा." हो आणि नको, दोन्ही तमिळ. व्यंकटरावांना ते मनाला लागे. आपल्या मागे या घरात मराठी बोलणारं कोणी राहणार नाही, हे ते हसत सांगत.

मी स्पष्टच बोललो. "मागच्या मार्गशीर्षात तुम्हाला स्वतःचं नाव पुरतं सांगता आलं नव्हतं. यंदा पाऊस असेपर्यंत खिडक्या उघडू नका, दही नको, गार स्नान नको."

"कार्तिकीनंतर? चातुर्मास सुटल्यावर पावसाचं पथ्य? कसं शक्य आहे, डॉक्टर?"

मी आभाळ दाखवलं, छाती ऐकवली, इंग्रजी पुस्तकं उघडली. काही उपयोग नाही. शेवटी वैतागून ओट्यावर जाऊन बसलो. गंगूमावशींचा सीझन नव्हता, म्हणजे सल्ला द्यायचा हक्क त्यांचा.

"अरे डॉक्टरा," त्या म्हणाल्या, "पंचांगाशी काय भांडतोस? ते तुझं ऐकणार आहे का? त्या व्यंकटाला नवस बोलायला लाव."

आणि त्या स्वतःच उठून गेल्या. "व्यंकटा, पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत चातुर्मास सोडणार नाहीं, असं देवाला बोल. मुलीसाठी एवढं करणार नाहींस?"

नवसापुढे व्यंकटरावांचा इलाज नव्हता. कार्तिकी आली आणि गेली, चातुर्मास तसाच राहिला. पाऊस कोसळत होता आणि त्यांच्या घरच्या खिडक्या पहिल्यांदाच योग्य वेळी बंद होत्या. मी रोज जाता-येता कान देई. आतून धाप ऐकू येत नसे, मंगलाष्टक ऐकू येई. पुन्हा पुन्हा तेच. एकदा आत डोकावलो तर व्यंकटराव कानटोपीत डोळे मिटून गात होते आणि चंद्रा कोपऱ्यात लग्नाच्या पोलक्याला काठ लावत बसली होती.

"पोदुम, अप्पा," मान वर न करता ती म्हणाली. म्हणजे, पुरे.

"शेवटचं एकदा," म्हणून व्यंकटराव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

* * *

लग्नाच्या दिवशी पावसाने कसर ठेवली नाही. मांडव झावळ्यांचा, चार ठिकाणी गळत होता. तुकोजीराव खुर्चीवर पाय पसरून बसले होते आणि येईल त्याला सांगत होते की हा पाऊस गुडघ्याने कधीच कळवला होता. गंगूमावशींनी वाजंत्र्यांना बजावलं, "आज काय तें मोकळेपणाने वाजवा." मी सुई उकळून, औषध भरून, डबी हातात घेऊन खांबाला टेकून उभा होतो.

व्यंकटराव उभे राहिले. कानटोपी सारखी केली. छातीवर हात ठेवून एक श्वास घेतला, तो मी कान देऊन ऐकला. स्वच्छ होता.

अंतरपाट धरला गेला. वाध्यारांनी संस्कृत अष्टकं संपवली आणि मागे सरले. व्यंकटरावांनी सूर लावला. आवाज असा खणखणीत, की पावसाचाही आवाज मागे पडला. एक ओळ, दुसरी, तिसरी. कुठे ढास नाही, कुठे तुटणं नाही. मला इतका अभिमान वाटला की बी.पी. वाढलं असेल तर ते माझं.

शेवटची ओळ आली.

"चंद्रा ही अमुची..."

आणि आवाज थांबला.

मी डबी उघडून धावलो. व्यंकटरावांनी माझा हात बाजूला सारला. "दमा नव्हे, डॉक्टर," ते म्हणाले. ते रडत होते. श्वास मोकळा होता आणि शब्द निघत नव्हता.

वाध्यार माझ्याकडे बघू लागले, मी तुकोजीरावांकडे, तुकोजीराव मावशींकडे. ओळ मला ऐकून पाठ होती, पण सुरात म्हणायची छाती आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडले. अक्षता मुठींत भिजत होत्या. ओळ पुरी झाल्याशिवाय त्या टाकायच्या कशा?

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. बारीक, पण सुरात.

"चंद्रा ही तुमची तिथे सुखि असो, कुर्यात् सदा मंगलम्."

अक्षता पडल्या. नागस्वरम आणि तविल एकदम उठले. अंतरपाट खाली आला. व्यंकटरावांनी माझी बाही घट्ट धरली आणि त्या गलक्यात माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं,

"डॉक्टर, हिला मराठी शिकवली कोणी?"